स्टॉरमॉन्टला कुलूप लागलं की लंडन आणि डब्लिन काय करतात? उत्तर आयर्लंडच्या राजकीय कोंडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डब्लिनला राहते. गणपतीच्या जेवणावळीत किंवा भारतातून आलेल्या फोनवर एक विषय हमखास निघतो: "तुमच्या शेजारी बेलफास्टचं सरकार वर्षानुवर्षं बंद कसं काय राहतं? आणि ते ब्रिटनचं असताना आयर्लंडचे मंत्री त्यावर बोलतात कसे?" प्रश्न रास्त आहेत. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

मुळात वाद कशाचा आहे?

आयर्लंड बेटाची फाळणी 1921 मध्ये झाली. दक्षिणेकडचे 26 परगणे पुढे स्वतंत्र आयर्लंड झाले, ईशान्येचे 6 परगणे उत्तर आयर्लंड म्हणून ब्रिटनकडे राहिले (राजधानी बेलफास्ट). तिथल्या लोकांत दोन मोठे प्रवाह आहेत. ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणारे ते युनियनवादी, बहुतांश प्रॉटेस्टंट घरांतले. आयर्लंड एक व्हावं असं वाटणारे ते राष्ट्रवादी, बहुतांश कॅथलिक घरांतले. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 19 लाखांच्या घरात होती आणि दोन्ही पार्श्वभूमींची टक्केवारी जवळजवळ बरोबरीत आली होती: कॅथलिक 45.7, प्रॉटेस्टंट 43.5. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 1998 पर्यंत चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. इतक्या छोट्या प्रदेशात हा आकडा म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणीतरी.

10 एप्रिल 1998 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टमध्ये करार झाला. त्याच वर्षी 22 मे रोजी सीमेच्या दोन्ही बाजूंना सार्वमत घेतलं गेलं. उत्तरेत 71 टक्के आणि दक्षिणेत 94 टक्के मतं कराराच्या बाजूने पडली. पुढचं सगळं या करारावर उभं आहे.

कोंडी म्हणजे नेमकं काय होतं? सरकार पडलं तर नवं बनवायचं, एवढंच ना?

तसं असतं तर हे पान लिहावं लागलं नसतं. उत्तर आयर्लंडचं सरकार दोन्ही समाजांनी मिळून चालवायचं अशी रचना आहे. फर्स्ट मिनिस्टर एका बाजूचा, डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर दुसऱ्या बाजूचा. नावात 'डेप्युटी' असलं तरी अधिकार तंतोतंत सारखे, सही दोघांची लागते. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद आपोआप जातं. म्हणजे दोन मोठ्या पक्षांपैकी कुणीही एकटा उठून गेला की घराला कुलूप. बाकीच्या पक्षांकडे कितीही आमदार असोत, ते उघडू शकत नाहीत.

ही रचना मूर्खपणाची आहे असं बाहेरून वाटतं. मला तसं वाटत नाही. 1921 पासून 1972 पर्यंत तिथे निव्वळ बहुमताचं राज्य होतं, म्हणजे पन्नास वर्षं एकाच पक्षाचं सरकार. त्यातून काय निघालं ते जगाने पाहिलं. "तुम्हाला वगळून काहीही होणार नाही" ही हमी दोघांनाही हवी होती आणि नकाराधिकार हीच त्या हमीची किंमत आहे.

असं किती वेळा घडलं?

मोठ्या खेपा तीन. ऑक्टोबर 2002 ते मे 2007, म्हणजे साडेचार वर्षं. जानेवारी 2017 ते जानेवारी 2020, तीन वर्षं. मग फेब्रुवारी 2022 ते फेब्रुवारी 2024, बरोबर दोन वर्षं. 2000 मधला काही महिन्यांचा खंड धरला तर डिसेंबर 1999 पासूनच्या पहिल्या 24 वर्षांत जवळपास 10 वर्षं स्टॉरमॉन्ट बंद होतं. स्टॉरमॉन्ट म्हणजे बेलफास्टच्या पूर्वेला टेकडीवर असलेली विधानसभेची पांढरी इमारत. फाटकापासून तिच्यापर्यंत लांबलचक सरळ रस्ता चढत जातो. कोंडीच्या काळात त्या रस्त्यावर सकाळी पळणारे आणि कुत्री फिरवणारे लोक दिसायचे. आत शाळांच्या सहली यायच्या आणि रिकामं सभागृह पाहून जायच्या.

आपल्याकडे राष्ट्रपती राजवट लागते तसं काही नाही का?

होतं. 1972 पासून कराराच्या काळापर्यंत लंडनहून थेट कारभार चालायचा, 2002 ते 2007 मध्येही तसाच चालला. पण 2006 च्या सेंट अँड्र्यूज करारानंतर विधानसभा स्थगित करण्याचा लंडनचा कायदेशीर अधिकार रद्द केला गेला. त्यामुळे 2017 मध्ये विचित्र परिस्थिती आली. अधिकार कागदावर स्टॉरमॉन्टकडेच होते, ते वापरणारं मात्र कुणी नव्हतं. खात्यांचे सचिव जेवढं ढकलता येईल तेवढं ढकलत होते. मे 2018 मध्ये उच्च न्यायालयाने बेलफास्टजवळच्या एका कचरा-भट्टीच्या खटल्यात सांगितलं की एवढा मोठा निर्णय मंत्र्याविना अधिकाऱ्याने घेणं बेकायदेशीर आहे. त्यानंतर अधिकाऱ्यांचे हात आणखी आखडले. लंडनला 2018 मध्ये खास कायदा करून त्यांना थोडी मोकळीक द्यावी लागली.

आपल्याकडे राज्यपाल तरी असतो. तिथे तीन वर्षं निर्णय नावाची गोष्टच नव्हती.

मग शेजारच्या देशाचं सरकार कुठल्या अधिकाराने यात बोलतं?

करारानेच. 1998 च्या कराराचे तीन धागे आहेत. पहिला उत्तर आयर्लंडच्या आतला: विधानसभा आणि सरकार. दुसरा बेटावरचा: बेलफास्ट आणि डब्लिनच्या मंत्र्यांची उत्तर-दक्षिण मंत्रिपरिषद. तिचं कार्यालय आर्मा या जुन्या शहरात आहे. तिसरा दोन बेटांमधला: लंडन आणि डब्लिन.

या तिसऱ्या धाग्यात ब्रिटिश-आयरिश आंतरसरकारी परिषद येते. (ब्रिटिश-आयरिश कौन्सिल वेगळं. त्यात स्कॉटलंड, वेल्स, आइल ऑफ मॅन, जर्सी, गर्न्झीही असतात. वर्तमानपत्रंसुद्धा कधी कधी घोटाळा करतात.) कराराच्या मजकुरात स्पष्ट लिहिलंय की उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश सरकारला विशेष स्वारस्य आहे, म्हणून जे विषय स्टॉरमॉन्टकडे सोपवलेले नाहीत त्यांवर ते आपली मतं आणि प्रस्ताव मांडू शकतं. त्याच्याच पुढे हेही लिहिलंय की कुठल्याही सरकारच्या सार्वभौमत्वाला यामुळे बाधा येत नाही. मतभेद झाले तर ते सोडवण्याचा कसून प्रयत्न करायचा, पण शेवटचा निर्णय ज्याचा त्याचा.

म्हणजे डब्लिनला मत आहे, मताधिकार नाही. ऐकून घेणं लंडनवर बंधनकारक आहे, मानणं नाही.

या परिषदेत प्रत्यक्षात काय होतं?

सहअध्यक्ष दोन: आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री आणि ब्रिटनचे उत्तर आयर्लंड खात्याचे मंत्री. सोबत प्रत्येकी एखादा मंत्री आणि अधिकारी. कधी पंतप्रधानांच्या पातळीवरही बैठक होते, 17 डिसेंबर 1999 ची लंडनमधली पहिली बैठक तशीच होती. विषय ठरलेले असतात: राजकीय स्थैर्य, सुरक्षा सहकार्य, हिंसाचाराच्या काळातल्या खटल्यांचं काय करायचं, नागरिकांचे हक्क, दोन देशांमधलं येणं-जाणं. शेवटी संयुक्त निवेदन निघतं. बेलफास्टमध्ये दोन्ही सरकारांचे अधिकारी एकत्र बसतात असं कायमस्वरूपी सचिवालय आहे.

निवेदनं वाचायला कंटाळवाणी असतात, हे मान्य. पण ती दोन-तीन ओळीने वाचली की गंमत कळते. कुठलं वाक्य गेल्या वेळी होतं आणि या वेळी गळलं, 'चर्चा केली'च्या जागी 'सहमती झाली' कधी आलं, ते पाहायचं. सगळी बातमी तिथे असते.

हे म्हणजे दोन सरकारांनी मिळून राज्य करणंच नाही का? युनियनवाद्यांना ते खुपत नाही?

खुपतं, आणि त्यामागे जुनी जखम आहे. ती नीट सांगायला हवी, कारण तिच्याविना आजची भाषा कळत नाही.

डिसेंबर 1973 मध्ये सनिंगडेल इथे पहिला सत्तावाटपाचा करार झाला, त्यात 'कौन्सिल ऑफ आयर्लंड'ची तरतूद होती. मे 1974 मध्ये युनियनवादी कामगारांनी संप पुकारला, वीज बंद पाडली आणि ते सरकार पाच महिन्यांत कोसळलं. मग 15 नोव्हेंबर 1985 ला हिल्सबरो किल्ल्यात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि आयर्लंडचे पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी नव्या करारावर सह्या केल्या. आंतरसरकारी परिषद जन्मली ती तिथे. युनियनवादी नेत्यांना विश्वासात घेतलं गेलं नव्हतं. आठवड्याभरात बेलफास्टच्या सिटी हॉलसमोर प्रचंड जनसमुदाय जमला. वेस्टमिन्स्टरमधल्या त्यांच्या सर्व 15 खासदारांनी राजीनामे देऊन पोटनिवडणुका लढवल्या. त्यात एक जागा त्यांनी गमावलीसुद्धा. बेलफास्टजवळ मेरीफील्ड नावाच्या इमारतीत परिषदेचं सचिवालय थाटलं होतं. बाहेर फाटकाशी निदर्शनं, आत कडेकोट बंदोबस्तात काम करणारे डब्लिनचे अधिकारी. त्या जागेला त्यांनी 'बंकर' असं नाव ठेवलं होतं.

आपल्याबद्दल, आपल्याला न विचारता, दोन राजधान्यांनी ठरवलं ही ती जखम. मला ती खरी वाटते. राष्ट्रवादी लोकांनी पन्नास वर्षं जे भोगलं ते याहून मोठं होतं, पण म्हणून ही खोटी ठरत नाही.

आता 1985 च्या मजकुरातली एक हुशारी पाहा. परिषदेचा आवाका लवचिक ठेवला होता. स्थानिक सरकार नसेल तेव्हा डब्लिनला जास्त विषयांवर बोलता येतं. स्थानिक सरकार बनलं आणि विषय त्याच्याकडे गेले की ते परिषदेच्या टेबलावरून उतरतात. साध्या भाषेत: तुम्ही आपसांत सरकार चालवलंत तर शेजाऱ्याचा आवाज कमी, कुलूप लावून बसलात तर जास्त. 1998 च्या करारात हाच विचार पुढे आला.

तो उघडपणे वापरला गेला एप्रिल 2006 मध्ये. दोन्हीकडचे पंतप्रधान, ब्रिटनचे टोनी ब्लेअर आणि आयर्लंडचे बर्टी अहर्न, आर्म्याला आले आणि त्यांनी 24 नोव्हेंबरची मुदत दिली. तोवर सरकार बनलं नाही तर आमदारांचे पगार-भत्ते बंद आणि दोन्ही सरकारं आपली भागीदारी वाढवून कारभाराकडे लक्ष देतील, असा इशारा होता. मुदत थोडी सरकली, पण 8 मे 2007 ला इयन पेस्ली आणि मार्टिन मॅकगिनिस शेजारी शेजारी बसले. आयुष्यभर 'नाही' म्हणणारे युनियनवादी पेस्ली आणि एकेकाळचे आयआरएचे, म्हणजे सशस्त्र राष्ट्रवादी संघटनेचे, कमांडर. एवढ्याशा इशाऱ्याने ते घडलं असं कुणी म्हणणार नाही, मात्र त्याचा वाटा होता.

'संयुक्त सत्ता' मात्र कधीच आली नाही. ती आणायची तर करार मोडावा लागेल, आणि लंडनने तसं करण्याची तयारी कधी दाखवलेली नाही.

मग 2007 नंतर परिषद गप्प का बसली?

फेब्रुवारी 2007 नंतरची पुढची बैठक थेट 25 जुलै 2018 ला झाली. मध्ये अकरा वर्षं! करारात 'नियमित आणि वारंवार' असे शब्द असताना.

कारण समजण्यासारखं आहे. स्टॉरमॉन्ट चालू होतं, 2010 मध्ये पोलीस आणि न्याय ही खातीही तिकडे गेली, दोन्ही देश युरोपीय संघात असल्याने मंत्री ब्रसेल्समध्ये सतत भेटत होते. कशाला उगाच युनियनवाद्यांना डिवचा, असा विचार झाला. माझ्या मते ही दोन्ही सरकारांची सर्वांत मोठी चूक होती. चांगल्या काळात परिषद दर तिमाहीला रुटीन म्हणून भरली असती तर 2018 मध्ये तिची बैठक ही बातमी झाली नसती. झालं उलटंच. सरकार नाही, ब्रेक्झिटची बोलणी तापलेली, आणि अशा वेळी अकरा वर्षांनी परिषद बोलावली. साहजिकच ती बोलावणं हाच एका बाजूला विजय वाटला आणि दुसऱ्या बाजूला धमकी.

2017 ची कोंडी कशाने झाली आणि फुटली कशी?

निमित्त बॉयलरमध्ये जाळायच्या लाकडाच्या गोळ्यांचं. नोव्हेंबर 2012 मध्ये पर्यावरणपूरक बॉयलर वापरणाऱ्या व्यवसायांना अनुदान देणारी योजना सुरू झाली. अनुदान इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होतं आणि त्याला वरची मर्यादाच ठेवली नव्हती. जितकं जाळाल तितका फायदा. योजना सुरू झाली तेव्हा त्या खात्याच्या मंत्री होत्या अर्लीन फॉस्टर, ज्या पुढे फर्स्ट मिनिस्टर झाल्या. चौकशीपुरतं बाजूला व्हायला त्यांनी नकार दिला. 9 जानेवारी 2017 ला डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनिस यांनी राजीनामा दिला. आजाराने ते फार खंगले होते, मार्चमध्ये गेलेच. त्याच महिन्यातल्या निवडणुकीत डीयूपीला (फॉस्टर यांचा युनियनवादी पक्ष) 28 आणि शिन फेनला (मॅकगिनिस यांचा राष्ट्रवादी पक्ष) 27 जागा मिळाल्या. बॉयलर मागे पडला आणि आयरिश भाषेचा कायदा हा खरा तिढा पुढे आला.

जूनमध्ये लंडनमध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांचं बहुमत गेलं आणि डीयूपीच्या 10 खासदारांच्या टेकूवर त्यांचं सरकार उभं राहिलं. ज्यांनी पंच म्हणून तटस्थ राहायचं त्यांचंच सरकार एका खेळाडूवर अवलंबून. या काळात डब्लिन गप्प राहिलं असतं तर राष्ट्रवादी समाजाच्या बाजूने त्या खोलीत कुणी उरलं नसतं, असं मला ठाम वाटतं.

18 एप्रिल 2019 च्या रात्री डेरीमधल्या क्रेगन वस्तीत दंगल चालू असताना लायरा मॅकी या 29 वर्षांच्या पत्रकार मुलीला करार न मानणाऱ्या सशस्त्र राष्ट्रवादी गटाच्या बंदुकीची गोळी लागली. बेलफास्टच्या सेंट अ‍ॅन कॅथीड्रलमध्ये तिच्यावर अंत्यसंस्कार झाले. थेरेसा मे, आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर, अर्लीन फॉस्टर, शिन फेनचे नेते, सगळे बाकांवर होते. फादर मार्टिन मॅगिल यांनी सर्व नेत्यांना एकत्र पाहून समाधान व्यक्त केलं आणि मग विचारलं की इथवर यायला एका 29 वर्षांच्या मुलीला जीव का गमवावा लागला? मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या, पुढे सरकत आल्या, लोक उभे राहिले. पुढारी क्षणभर बसूनच होते. मग तेही उठले. मी ते घरी टीव्हीवर पाहिलं. माझा चहा हातातच थंड झाला होता.

दोन दिवसांनी दोन्ही पंतप्रधानांनी नव्या बोलण्यांची घोषणा केली. 8 मे ला लंडनमध्ये आंतरसरकारी परिषद भरली. त्याच दिवशी ब्रिटनचे मंत्री डेव्हिड लिडिंग्टन आणि आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री सायमन कोव्हनी यांनी दोन्ही देशांमधल्या मुक्त प्रवासक्षेत्राच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. ब्रेक्झिट झालं तरी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याचा, काम करण्याचा, शिकण्याचा हक्क चालू राहील याची ती लेखी ग्वाही होती. ब्रसेल्सच्या मथळ्यांत ही बातमी हरवली. सीमेवरच्या घरांना मात्र ती पुरेपूर कळली.

तरी वर्ष गेलं. डिसेंबरमध्ये तिथल्या परिचारिका संपावर गेल्या. त्यांच्या संघटनेच्या 103 वर्षांच्या इतिहासातला हा पहिला संप होता. पगार इंग्लंडपेक्षा कमी, आणि वाढवायला मंत्रीच नाही. 9 जानेवारी 2020 च्या रात्री ब्रिटनचे मंत्री जुलियन स्मिथ आणि आयर्लंडचे सायमन कोव्हनी स्टॉरमॉन्टच्या बाहेर अंधारात उभे राहिले आणि करार जाहीर केला: 'नवं दशक, नवा दृष्टिकोन'. पक्षांची सहमती येण्याची वाट न पाहता दोन सरकारांनी मजकूर जनतेसमोर ठेवला. आता नाही म्हणायचं तर तुम्ही लोकांच्या तोंडावर म्हणा. 11 तारखेला विधानसभा भरली.

दोन मंत्र्यांची ती जोडी जुळली होती, हे सगळेच मान्य करतात. महिन्याभरात स्मिथ यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आलं.

2022 ते 2024 मध्येही परिषदेनेच मार्ग काढला का?

नाही. हे प्रांजळपणे सांगायला हवं. या खेपेला डीयूपीचा आक्षेप ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारनियमांवर होता. ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालाची बंदरात तपासणी म्हणजे आपल्याला ब्रिटनपासून तोडणं, असं त्यांचं म्हणणं. मे 2022 च्या निवडणुकीत शिन फेन 27 जागा घेऊन पहिल्यांदाच सर्वांत मोठा पक्ष झाला. डीयूपीने सभापतीच निवडू दिला नाही. तिढा सुटला तो लंडन-ब्रसेल्स (फेब्रुवारी 2023 ची विंडसर चौकट) आणि मग लंडन-डीयूपी बोलण्यांतून. 18 जानेवारी 2024 ला लाखाहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला, बसगाड्या आणि रेल्वे थांबल्या. 3 फेब्रुवारीला मिशेल ओ'नील पहिल्या राष्ट्रवादी फर्स्ट मिनिस्टर झाल्या आणि डीयूपीच्या एमा लिटल-पेंगली त्यांच्या जोडीला.

परिषद या काळात नियमित भरली. तिने दार उघडलं नाही, पण दोन्ही राजधान्यांतलं बोलणं तुटू दिलं नाही. 2021-22 चे कडवट महिने आठवले तर तेही थोडं नव्हतं.

मंत्रीच नसतात तेव्हा सीमेपलीकडच्या सेवांचं काय होतं?

उत्तर-दक्षिण मंत्रिपरिषद भरूच शकत नाही, कारण उत्तरेकडून बसायला कुणी नसतं. (सरकार असतानाही ती अडवता येते. 2021 मध्ये डीयूपीच्या मंत्र्यांनी बहिष्कार घातला आणि न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरवला.) पण तिच्या अखत्यारीतल्या संस्था बंद पडत नाहीत. नोव्हेंबर 2002 मध्ये दोन्ही सरकारांनी पत्रांची देवाणघेवाण करून त्यांची देखभाल स्वतःकडे घेतली होती. कालवे सांभाळणारी संस्था, सीमापार व्यापाराला मदत करणारी, अन्नसुरक्षेची, भाषांची, सगळ्या चालू राहिल्या. नवं काही सुरू करता येत नव्हतं, एवढंच.

आरोग्याचं उदाहरण मला सर्वांत जवळचं. डेरीच्या आल्टनाग्रेविन नव्हे, आल्टनागेल्विन रुग्णालयात (नाव मी अजून दोनदा म्हणून पाहते) नोव्हेंबर 2016 मध्ये कॅन्सरचं रेडिओथेरपी केंद्र उघडलं. डोनेगल परगणा दक्षिणेतला, पण डब्लिनपासून चार तास दूर. तिथले रुग्ण सीमा ओलांडून डेरीला जातात. उलट दिशेने, बेलफास्टमधली लहान मुलं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी डब्लिनच्या क्रमलिन रुग्णालयात येतात. केंद्र उघडून दोन महिन्यांत सरकार पडलं, पण रोजच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. करार आधी झाला होता, पैसा ठरला होता. वीजसुद्धा तशीच: 2007 पासून संपूर्ण बेटाची घाऊक वीजबाजारपेठ एकच आहे.

दोन सरकारांचंच भांडण झालं तर?

झालंय. 2023 मध्ये लंडनने हिंसाचाराच्या काळातल्या गुन्ह्यांचे खटले आणि चौकशा गुंडाळणारा कायदा केला. उत्तर आयर्लंडमधल्या सगळ्या मोठ्या पक्षांचा, दोन्ही बाजूंच्या, त्याला विरोध होता. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांचा तर होताच. डब्लिनने थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनविरुद्ध दावा लावला. परिषदेच्या टेबलावर जे सुटत नाही ते कुठे जातं, त्याचं हे उत्तर. पुढे ब्रिटनमध्ये सरकार बदललं. सप्टेंबर 2025 मध्ये हिल्सबरोलाच ब्रिटनचे मंत्री हिलरी बेन आणि आयर्लंडचे सायमन हॅरिस यांनी नवी संयुक्त चौकट जाहीर केली. चाळीस-पन्नास वर्षं वाट पाहणाऱ्या आई-बापांपैकी कित्येक आता हयात नाहीत, आणि उशीर हाच या विषयातला खरा अन्याय आहे.

लिओ वराडकर आपले, मग त्यांची भूमिका काय होती?

त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. डिसेंबर 2019 च्या अखेरीस, म्हणजे कोंडी फुटायच्या जेमतेम पंधरवडा आधी, पंतप्रधान असताना ते कुटुंबासह गावी येऊन गेले. योगायोग असा की त्यांच्या दोन्ही कारकिर्दी (जून 2017 ते जून 2020 आणि डिसेंबर 2022 ते एप्रिल 2024) बहुतांशी बेलफास्टच्या कोंडीतच गेल्या. डिसेंबर 2017 मध्ये उत्तरेतल्या राष्ट्रवाद्यांना ते म्हणाले की यापुढे कुठलंही आयरिश सरकार तुम्हाला मागे टाकून जाणार नाही. त्या समाजाला धीर आला आणि युनियनवादी तितकेच बिथरले. आपला माणूस म्हणून अभिमान जरूर बाळगा, पण बेलफास्टच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत त्यांचं नाव फारशा प्रेमाने घेतलं जात नाही हेही माहीत असू द्या.

सरकार आल्यावर डब्लिनचा हात आखडता होतो का?

बोलण्यात होतो, पैशात नाही. 2020 मध्ये मिहॉल मार्टिन यांच्या सरकारने बेटावरच्या सामायिक कामांसाठी 50 कोटी युरोचा निधी उभारला. फेब्रुवारी 2024 मध्ये, स्टॉरमॉन्ट उघडून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, डब्लिनने 80 कोटी युरोच्या कामांची घोषणा केली. सर्वांत मोठा वाटा डेरीकडे जाणाऱ्या ए-5 या जीवघेण्या रस्त्याचा. त्यातच नॅरो वॉटरचा पूल आहे. कार्लिंगफर्डच्या खाडीवर एका काठाला दक्षिणेतलं ओमीथ, दुसऱ्याला उत्तरेतलं वॉरनपॉइंट. समोरचं घर दिसतं, पण गाडीने जायला न्यूरीला वळसा. कित्येक दशकं फक्त बोललं गेलेल्या या पुलाचं काम जून 2024 मध्ये सुरू झालं.

सीमा कशी असते? मला भारतीय पासपोर्टवर डब्लिनहून बेलफास्टला जाता येईल?

सीमा दिसत नाही. बस डंडॉक सोडते, कडेची पिवळी रेघ पांढरी होते, पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात आणि फोन नव्या नेटवर्कचा संदेश देतो. झालं. जवळपास 500 किलोमीटरची सीमा आणि 200 हून जास्त रस्ते तिला ओलांडणारे. कुठेही फाटक नाही.

पण कायदा आहे. मुक्त प्रवासक्षेत्र ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आयर्लंडमध्ये नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीयाला बेलफास्टला जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. उलट दिशेला आयर्लंडचा. परतीच्या बसमध्ये कधी कधी पोलीस चढून कागदपत्रं पाहतात. पर्यटकांसाठी मात्र 2014 मध्ये दोन्ही सरकारांनी संयुक्त व्हिसा योजना आखली आणि चीनपाठोपाठ ती भारतीयांना लागू केली. अल्प मुदतीच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शिक्का असेल तर त्या एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. मात्र ज्या देशाचा व्हिसा आहे तिथे आधी उतरावं लागतं. माझ्या आईकडे आयर्लंडचा असा व्हिसा होता, म्हणून ती आधी डब्लिनला उतरली आणि मग आम्ही बसने बेलफास्टला गेलो. सीमा कधी आली ते सांग, असं तिने मला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळेपर्यंत न्यूरी मागे पडलं होतं.